किल्ली सगळ्यात शेवटी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सींना निरोप दिल्याची बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी मी ताडपत्री काढली. नवी बॅटरी आणा, किल्ली फिरवा, काय होते ते बघू, असे घरातल्या प्रत्येकाने सुचवले; मलाही तेच करावेसे वाटत होते. थांबलो तो मिस्त्रींमुळे. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी तेच बघत आले आहेत आणि गुजराती हेल काढून चांगले मराठी बोलतात. फोनवर ते इतकेच म्हणाले, “भाऊ, सेल्फ मारू नका. चारी प्लग काढा, भोकातून चमचा चमचा ऑइल सोडा आणि दोन दिवस झोपून राहा.”

या दोन दिवसांचा अर्थ मला नंतर कळला. चार सिलिंडरांचे इंजिन कुठल्याही स्थितीत थांबले तरी त्यातल्या कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्या वाटेने बडोद्याच्या आठ पावसाळ्यांची दमट हवा आत जात राहते. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल तोवर निथळून खाली गेलेले असते, त्यामुळे पिस्टनची रिंग आणि भिंत यांच्यामध्ये गंज धरतो. अशा वेळी सेल्फ मारला तर रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडे उठतात, आणि जे काम चमचाभर तेलाने झाले असते त्यासाठी सगळे इंजिन खोलावे लागते.

माझी खरी भीती मात्र पाण्याची होती. २०१९ च्या ३१ जुलैला शहरात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस झाला, तेव्हा पडवीत पाणी शिरून चाकांच्या अर्ध्यापर्यंत चढले होते. इंजिनात पाणी गेले असेल तर तेल ताकासारखे पांढुरके दिसते, हे ऐकून ठाऊक होते. डिपस्टिक ओढून जुन्या धोतराच्या फडक्यावर पुसली. डाग काळा उमटला, कडेला पांढऱ्या रंगाचा मागमूस नव्हता. फडके मी उगाचच दोनदा उन्हात धरून पाहिले.

तिसऱ्या दिवशी टायरांत हवा भरली, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मी व मुलगा मागून लोटू लागलो. पहिल्या दोन धक्क्यांना ती भिंतीसारखी उभी राहिली. तिसऱ्याला आतून वाळका पापड मोडल्यासारखा बारीक आवाज आला, गाडी वीतभर पुढे सरकली आणि रेडिएटरमागचा पंखा पाव फेरा फिरला. इंजिन जाम नव्हते.

पुढची तपासणी त्या मानाने सरधोपट होती. करंट येईना, कारण डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांवर पांढरट साय धरली होती; बारीक पॉलिश पेपर फिरवताच निळी ठिणगी दिसली. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशाचा वास येत होता, म्हणून ते काढून टाकले. कार्बोरेटरचे जेट त्याच चिकट थराने बुजले होते. पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. एअर फिल्टरमध्ये उंदराने वडिलांच्या जुन्या रोजनिशीची पाने कुरतडून संसार थाटला होता, त्याबद्दल मी आईला अजून सांगितलेले नाही.

गाडी सुरू झाली. बाटलीतले पेट्रोल नळीने थेट पंपाला देऊन पडवीतच ती अर्धा तास चालवली; धूर थोडा निळसर येत होता, तो विरत गेला. दुसऱ्या दिवशी हौसेने टाकी काठोकाठ भरून मी सुरसागर तलावाकडे निघालो आणि दहाव्या मिनिटाला, ऐन गर्दीत, गाडी आचके देऊन बंद पडली. पंधरा मिनिटे थांबलो तर पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल, असा निदानाचा आनंद मी स्वतःलाच मिळवून दिला. कंडेन्सर बदलला. मग कॉइल बदलली. गाडी आपली दहाव्या मिनिटाला बंद.

मिस्त्री शेवटी स्वतः आले आणि माझ्या शेजारी बसून गाडी बंद पडण्याची वाट पाहू लागले. मी हे एकदाही केले नव्हते. बंद पडलेल्या गाडीला त्या क्षणी काय कमी पडते आहे हे न बघता मी नेहमी घरी येऊन विचार करत असे. शहरातल्या कोठी भागाजवळ ती थांबली. त्यांनी उतरून प्लगची एक वायर काढली, तिच्या टोकाला जवळ ठेवलेला जादा प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी निळी, जोरदार होती. म्हणजे करंटचा प्रश्नच नव्हता. मग पंपाची नळी सोडवून पुन्हा सेल्फ मारायला लावला, तर तिच्यातून थेंबही आला नाही. ते काही न बोलता मागे गेले आणि त्यांनी टाकीचे झाकण उघडले. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह सैल केल्यावर येतो तसा, पण आत ओढला जाणारा, लांबलचक फुस्स आवाज मी पुढे बसून ऐकला.

टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा बाहेरून आत यावी लागते. ती येण्याची बारीक वाट कुंभारीण माशीने चिखल लिंपून बंद केली होती, त्यामुळे टाकीत पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल खेचता येत नव्हते. थोडे थांबले की कुठून तरी हवा झिरपत असे आणि गाडी निवल्यामुळे सुरू झाली असे मला वाटत असे. बाटलीवर ती नीट चालली आणि टाकी काठोकाठ भरल्यावर लगेच अडू लागली, हा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी, त्यामुळे पोकळी लवकर होते.

मिस्त्रींनी तारेने चिखल उकरला. आत वाळलेल्या दोन अळ्या निघाल्या. त्या तळहातावर घेऊन ते म्हणाले, “कॉइल किती दिली?” मी आकडा सांगितला. जुनी कॉइल जपून ठेवा, असे सांगून ते शेजारी बसले आणि आम्ही सुरसागराला पूर्ण फेरी मारून घरी आलो.