मागच्या दाराचं कुलूप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. खाली माग, वर शिलाई आणि पॅकिंग, दोन्ही मिळून अडतीस माणसं. मे 2025 मध्ये याच एमआयडीसीत पहाटे एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्यानंतर आठवड्याभरात मालकांनी एक फाइल माझ्या टेबलावर टाकली. ‘फॉर्म बीचं तेवढं बघून घ्या.’

फॉर्म बी म्हणजे, आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीनं दिलेलं प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ते दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन खात्याला द्यायचं असतं. आमच्या फाइलीतला शेवटचा कागद दोन वर्षांपूर्वीचा.

पहिल्या एजन्सीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘सिलिंडरचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, संध्याकाळी कागद घेऊन जा.’ दरही निम्मा. खोटं कशाला सांगू, मोह झाला. फोटो काढायला म्हणून उठलो. एक सिलिंडर संडासाच्या दाराला टेकण म्हणून लावलेला. दुसऱ्याचा काटा लाल पट्ट्यात. तिसरा टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे सापडला, आणि त्याच्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, चांगलं पक्कं. त्याचा फोटो काढला, पण पाठवला नाही.

दुसऱ्या एजन्सीचा पोरगा स्वतः आला. त्यानं सिलिंडर बघितलेच नाहीत आधी. स्टुलावर चढला, ट्यूबलाइटच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर तुसाची पांढरी टोपीच बसली होती. मागावर दिवसभर सूत घासतं, ते तूस उडतं आणि छपराच्या लोखंडी सांगाड्यावर, मोटरीवर, पॅनेलमध्ये बसतं. एका ढिल्या वायरीची ठिणगी पडली की आग या थरावरून पळत छपराच्या दुसऱ्या टोकाला जाते, खाली मागवाल्याला पत्ताही लागत नाही. एका फ्यूजमध्ये तर जाड तांब्याची तार गुंडाळलेली निघाली. ‘सारखा उडत होता ओ,’ आमचा फिटर म्हणाला.

मग एजन्सीच्या पोरानं विचारलं, ‘मागचं दार कुठाय?’

दार होतं. त्याच्यापुढं छातीएवढे गठ्ठे आणि बाहेरून कुलूप. किल्ली मालकांच्या घरी, कारण मागं एकदा सुताचे कोन चोरीला गेले होते. माणसं आत कामावर असताना बाहेर पडायचं दार असं बंद ठेवता येत नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, ‘चोरी झाली तर तुम्ही भरणार का?’ आठवडा या वादात गेला. शेवटी त्या पोरानंच तोडगा काढला. आतून ढकललं की उघडणारा दांडा, बाहेरून मूठच नाही, आणि दार उघडलं की घंटा वाजणार. खर्च ऐकून मालक गप्प झाले, पण सही केली.

जुलैत एका दुपारी कुणाला न सांगता भोंगा वाजवला. बायकांना वाटलं जेवायची सुट्टी झाली! हात धुवायला निघाल्या. ‘आग, आग’ ओरडल्यावर सगळ्या रोजच्या जिन्याकडं पळाल्या, मागच्या जिन्याकडं एकही नाही. दोघी चपला आणि डब्यासाठी परत वर गेल्या. सगळे बाहेर यायला चार मिनिटं दहा सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी पाट्या मराठीबरोबर तेलुगूतही लिहून घेतल्या. हे आधीच सुचायला हवं होतं. पुढच्या खेपेला एक मिनिट चाळीस.

मग अंगणात पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवल्या. शिलाईतल्या अक्कांनी सहा किलोचा सिलिंडर उचलला, पिन ओढली आणि पावडर ज्वाळेच्या शेंड्यावर मारली. काही झालं नाही. ‘बुडाशी मारा, बुडाशी!’ मग विझली. सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा. ‘इतकंच?’ अक्का म्हणाल्या. पोरगा म्हणाला, इतकंच. तेवढ्यात विझली नाही तर सिलिंडर टाकायचा, बाहेर पडायचं आणि 101 लावायचा. विझलेला गठ्ठाही आत ठेवायचा नाही, बाहेर मोकळ्यावर ओढून, फोडून भिजवायचा. सूत वरून काळं थंड दिसतं, पोटात तासन्‌तास धुमसत राहतं.

कागद जुलैअखेर मिळाला. आता दर शनिवारी तास आधी माग बंद करून तूस झाडतो, मालक घड्याळाकडं बघत बसतात. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर दारापुढं मोकळ्या ठेवायच्या पिवळ्या पट्ट्यात दोन गठ्ठे परत आले. ते हलवून घेतले.

जुनं कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मालकांनी एकदा विचारलं. सापडत नाही म्हणालो.