तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या मोफत, तरी उपचार अर्धवट का?

बीड जिल्ह्यात मी बरीच वर्षे क्षयरोगाचे काम केले, हे कळले की लोक हमखास विचारतात: तपासणी मोफत, गोळ्या मोफत, मग रुग्ण उपचार मध्येच का सोडतात? विचारणाऱ्याने मनात अज्ञान हे उत्तर बहुधा आधीच धरलेले असते. मला ते पटत नाही.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरून मुकादमाने उचल दिलेली असते आणि एकाने अंथरूण धरले तरी ती अंगावर राहतेच. एका हंगामात माझी एक रुग्ण, तिशीची बाई, वजन 34 किलो, उपचाराच्या दुसऱ्याच महिन्यात फडावर गेली. आम्ही महिनाभराच्या गोळ्या आणि तिकडच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली होती. त्या दवाखान्याने तिला दोनदा ‘नंतर या’ म्हणून परत पाठवले आणि दोन्ही वेळा मुकादमाने खाड्याचे 500 रुपये लावले. पोषणासाठी सरकारकडून तेव्हा महिन्याला मिळत होते तेही 500 रुपयेच. (नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, ही चांगलीच गोष्ट आहे.) तिसऱ्यांदा ती गेली नाही. या हिशेबात मला अज्ञान कुठेच दिसत नाही.

गोळ्या उष्ण पडतात, अशी तिची तक्रार असे आणि मी तिला पोटभर जेवून घ्या म्हणत असे. पुढे तिनेच सांगितले, की गोळ्यांनी भूक लागते आणि रात्री कोपीत ती भागेल इतके काही नसते.

1959 साली मद्रासच्या अभ्यासातून दिसले, की घरी राहून औषध घेणारे गरीब रुग्ण, जेवण निकृष्ट असूनही, सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णांइतकेच बरे होतात. त्यावरून अन्नाचा प्रश्न दुय्यम, असा सोयीचा अर्थ काढला गेला. पण त्या रुग्णांना औषध नियमित मिळत होते आणि परिचारिका त्यांच्या घरी जात होत्या. झारखंडमधील 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटले; आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. म्हणून औषधाच्या पाकिटासोबत शिधा, आणि फडाजवळ संध्याकाळी उघडा असलेला दवाखाना, या दोन्ही गोष्टी मी उपचाराचाच भाग मानतो.

एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा खोकला वाढला होता आणि वजन 32 वर आले होते. बेडका पुन्हा तपासला, गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या. पाकीट हातात घेऊन तिने एवढेच विचारले, “दसऱ्याच्या आत संपतील ना?”