आमची वाटचाल : सरकारी फायलींवर उभा राहिलेला धंदा

"सरकार जी माहिती फुकट देतं तीच तुम्ही विकता, मग तुम्ही करता काय?" हा प्रश्न मी पहिल्यांदा २०११ मध्ये ऐकला आणि परवाही ऐकला. आधी राग यायचा. आता मी सरळ फाइल उघडून समोर ठेवते. पहिल्या सहा ओळी खात्याच्या नावाच्या, त्याही मर्ज केलेल्या सेलमध्ये, तारीख कुठं दिवस आधी तर कुठं महिना आधी, एकाच गावाचं नाव चार स्पेलिंगांनी, आणि जिथं मोजलंच नाही तिथं कधी रिकामं, कधी शून्य, कधी उणे ९९९. म्हटलं घ्या, सांगा आता पाणी किती खोल आहे. बहुतेक जण तिथंच फाइल बंद करतात.

आमचं काम भूजलाचं. निरीक्षण विहिरींच्या (म्हणजे खातं पाणी मोजतं त्या विहिरींच्या) पातळ्या, पाऊस, जमिनीचा उतार, खालचा खडक, हे सगळं वेगवेगळ्या खात्यांकडून येतं, ते एका नकाशावर बसवायचं आणि बोअर मारणाऱ्याला, पंपवाल्याला, पाण्याची योजना आखणाऱ्याला कळेल असं द्यायचं. सुरुवात दोघींनी केली, मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. ती नकाशातली, मी आकड्यांतली. दोन लॅपटॉप आणि एक हार्ड डिस्क जी टेबलावरून पडू नये म्हणून आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचो.

दिवसही तसे होते. सरकारी माहिती सगळ्यांना उतरवून घेता येईल अशी वेबसाइट, म्हणजे डेटा पोर्टल, अमेरिकेचं मे २००९ मध्ये आलं, ब्रिटनचं जानेवारी २०१० मध्ये, भारताचं २०१२ मध्ये, आणि आम्हाला वाटलं आता सगळी कपाटं उघडणार. उघडली पण, फक्त आत बरेच ठिकाणी स्कॅन केलेल्या पीडीएफ होत्या, त्याही तिरक्या.

पहिली दोन वर्षं टाइप करण्यात गेली, खोटं नाही सांगत. एकीनं वाचायचं, दुसरीनं टाइप करायचं, मग अदलाबदल करून तपासायचं. मग टॅब्युला हाताला लागलं, जे पीडीएफमधला तक्ता उचलून सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशी साधी तक्त्याची फाइल, करून देतं, आणि त्या दिवशी आम्ही दोघी अक्षरशः नाचलो. (स्कॅनवर ते चालत नाही, फक्त टेक्स्ट असलेल्या पीडीएफवर चालतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.) नावांच्या स्पेलिंगसाठी ओपनरिफाइन, त्यात सारखी दिसणारी नावं एकत्र गोळा होतात आणि तुम्ही एकेक हो-नाही म्हणत जायचं. नकाशाला क्यूजीआयएस. हे सगळं फुकटचं सॉफ्टवेअर आहे आणि आजही आम्ही तेच वापरतो, महागडं घ्या म्हणून सांगायला दर वर्षी कोणी ना कोणी येतं, चहा पिऊन जातं.

आणि एक वही. चुकांची वही. पहिलं पान उणे ९९९ चं आहे. आम्ही ते रीडिंग समजून सरासरीत घेतलं होतं आणि एका भागाचं पाणी जमिनीच्या वर साठ मीटर दाखवलं होतं, छापून, बाइंडिंग करून, गिऱ्हाईकाला दिलं होतं. पैसे परत केले. तेव्हापासून फाइल आली की आधी उणे ९९९ शोधायचं, मग ९९९९, मग संशयास्पद शून्य.

ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, पण त्याच आठवड्यात काका आले. काका म्हणजे बोअर मारणारे, दोन रिग (बोअर मारायची यंत्रं), हाताखाली सहा माणसं, आणि शर्टाच्या खिशात एक मळकी डायरी ज्यात त्यांनी मारलेल्या प्रत्येक बोअरची खोली, कुठं पाणी लागलं, कुठं कोरडं गेलं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. मी नकाशा दाखवला. त्यांनी एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, इथं विहीर कुठाय? इथं ऑफिस आहे. मी चकरा मारल्यात तिथं परवानगीसाठी." बघितलं तर एक नाही, सात विहिरी त्याच एका बिंदूवर. जिथं अक्षांश-रेखांश माहीत नव्हते तिथं कोणीतरी खात्याच्या ऑफिसचेच टाकून दिले होते. सात विहिरी ऑफिसच्या गच्चीवर.

काकांनी तीन संध्याकाळी बसून, डायरी आणि मोबाइलचा जीपीएस घेऊन त्या सातही विहिरी आम्हाला जागेवर नेऊन दाखवल्या. त्या फिरतीत खात्याचा पातळी मोजणारा माणूसही भेटला. टेप विहिरीत सोडतो, टोक पाण्याला टेकलं की बीप वाजतो, आकडा वाचतो, वहीत लिहितो. एवढंच. सगळ्या पोर्टलच्या मुळाशी तो बीप आहे, आणि तो माणूस कधी कोणाच्या प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही. आणि ज्या जीपीएसवर आम्ही फिरत होतो ती पण उघडी केलेली सरकारी गोष्टच ना? मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटर इकडंतिकडं व्हायचं. ती चूक काढली आणि त्यावर जगभर केवढे धंदे उभे राहिले. शंभर मीटरच्या चुकीवर काकांनी रिग लावली असती तर शेजाऱ्याच्या जमिनीत बोअर गेली असती.

मग धंदा बरा चालला. चार माणसं झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पगार वेळेवर होत होते.

आता ते सांगते जे सांगायला बसले. २०१७ च्या एका सोमवारी सकाळी आमची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, फेल झाली. रोज पहाटे चालायची, खात्याच्या सर्व्हरवरून नवी फाइल उतरवायची. आधी वाटलं त्यांचा सर्व्हर बंद आहे, नेहमीचंच. मंगळवारी कॅप्चा आला, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणणारा. गुरुवारी लॉगिन. पुढच्या आठवड्यात लॉगिनच्या पानावर एक ओळ, माहिती हवी असल्यास लेखी अर्ज करा. आम्ही अर्ज केला, पोच मिळाली, उत्तर नाही. आमचे नकाशे शिळे होत चालले आणि त्याच महिन्यात एका गिऱ्हाईकानं निरागसपणे विचारलं, तुमच्याकडे मार्चचेच आकडे कसे, त्या दुसऱ्यांकडे तर मेचे आहेत.

ते दुसरे म्हणजे कोण ते मी लिहिणार नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्यांनी खात्याला नवं चकचकीत पोर्टल बांधून दिलं होतं, विनामूल्य. बदल्यात करारात एक कलम, कच्चा डेटा 'मूल्यवर्धित सेवांसाठी' फक्त त्यांना. जनतेला रंगीत नकाशा बघायला मिळणार, झूम करता येणार, पण डाउनलोडचं बटण नाही. खात्याला फुकटात वेबसाइट मिळाली म्हणून खातं खूश, आणि उद्घाटनाला पाटीवर काय लिहिलं होतं माहितीये? 'पारदर्शकतेकडे एक पाऊल'. मी तिथं गेले होते. मागच्या रांगेत बसले होते. त्यांचे मालक मला ओळखून हसले, आणि ते हसणं मी अजून विसरलेली नाही, विसरायचंही नाहीये.

असे अकरा महिने गेले. ऑफिसातली दोन मुलं नोकरी सोडून गेली, त्यांचं बरोबरच होतं, त्यांना घरं आहेत. आठव्या महिन्यात मैत्रीण म्हणाली की तिला नोकरी मिळतीये, मी म्हटलं जा, आणि ती गेली. कोणी भांडलं नाही. खोक्यातली हार्ड डिस्क ती माझ्याकडे ठेवून गेली. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की ती स्वखुशीनं गेली, पण खरं म्हणजे मला वाटत होतं की ती थांबेल.

काकांनी त्या काळात दोन वर्षांचे पैसे आगाऊ दिले. शिळ्या नकाशाचे. मी नको म्हटलं तर म्हणाले, "खडक काय दर महिन्याला बदलतो का?" वर, बोअरवाल्या चौदा जणांच्या सह्या घेऊन आले, आम्हाला विहिरींचे आकडे पूर्वीसारखे मिळावेत, म्हणून. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता, अडीच ओळींचा, आणि माझ्या बारा पानी निवेदनापेक्षा तोच कामाला आला हे कबूल करायला हवं.

कारण त्या सह्यांमुळे भेट मिळाली. खात्याचे साहेब नवीन होते. मी भिंतीवर चिकटवलेला कागद काढून नेला होता, डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबॅस्टोपोल गावात तीसेक लोकांनी बसून सरकारी डेटा खुला कशाला म्हणायचं त्याची आठ तत्त्वं लिहिली, ती. संपूर्ण हवा, मूळ स्वरूपात हवा, वेळेवर हवा, मशीनला वाचता येईल असा हवा, आणि माझं आवडतं, नोंदणी न करता कोणालाही मिळायला हवा. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "मॅडम, फुकट दिलं तर खात्याचं काय उरणार?"

याची तयारी केली होती. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे फोटो, एक सीन (म्हणजे एक फोटो) साधारण सहाशे डॉलरला विकायचे, सगळ्यात चांगल्या वर्षात पंचवीस हजाराच्या आसपास गेले. २००८ मध्ये फुकट केले आणि वर्षभरात दहा लाखांच्या वर उतरवले गेले. डेन्मार्कनं २००२ मध्ये सरकारी पत्त्यांची यादी मोकळी केली, नंतर हिशोब केला तर २००५ ते २००९ या पाच वर्षांत फायदा सहा कोटी युरोच्या वर आणि खर्च वीस लाखांच्या आसपास. आणि तो फायदा सगळा कंपन्यांनी नाही खाल्ला, जवळपास तिसरा हिस्सा सरकारी कामकाजातच वाचला, कारण आधी प्रत्येक ऑफिस आपापली पत्त्यांची यादी सांभाळत बसायचं. इथं साहेब पहिल्यांदा पुढे वाकले. त्यांच्याच तीन ऑफिसांत विहिरींच्या तीन वेगळ्या याद्या होत्या.

मग त्यांनी खरी भीती सांगितली. लोक चुका काढतील. मी म्हटलं काढतीलच, आणि न्यूयॉर्कचं सांगितलं. तिथं बेन वेलिंग्टन या आकडे चाळणाऱ्या ब्लॉगरनं पार्किंगच्या दंडाचा खुला डेटा चाळला आणि २०१६ मध्ये दाखवून दिलं की पोलीस कायदेशीर उभ्या गाड्यांनाही दंड करतायत, कारण नियम काही वर्षांपूर्वी बदललाय आणि गस्तीवरच्या शिपायांपर्यंत तो पोचलेलाच नाही. पोलीस खात्यानं ते मान्य केलं, सुधारलं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या चुका काढणार." मी गच्चीवरच्या सात विहिरींचा प्रिंट टेबलावर ठेवला. ते हसले, मग हसायचे थांबले, मग त्यांनी कराराची फाइल मागवली.

करार लगेच रद्द झाला नाही, तसं कधी होत नाही. मुदत संपली तेव्हा ते कलम वाढवलं नाही, इतकंच. युरोपात असे मक्तेदारीचे करार युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशापासूनच नाकारलेले आहेत, अपवाद सोडून, हे मी निवेदनाच्या नवव्या पानावर लिहिलं होतं, पण नवव्या पानापर्यंत कोण जातं. फाइल परत आली. आता ती त्या दुसऱ्यांनाही मिळते, कोणालाही मिळते, आणि मिळायलाच हवी, आम्ही भांडलो ते त्यासाठीच. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

एक गोष्ट मात्र मी ठरवून टाकली. साफ केलेली विहिरींची यादी आणि दहा वर्षांचे पातळीचे आलेख आम्ही फुकट ठेवले. पैसे घेतो ते सल्ल्याचे आणि रोजच्या नकाशाचे. त्यावर एका गावातल्या बायकांनी, ज्यांना पाण्यासाठी रोज चालावं लागायचं, तो आलेख छापून बैठकीत भिंतीला लावला. त्यांच्या विहिरीची रेघ दहा वर्षं खाली जात होती आणि नव्या बोअर तिच्या अगदी जवळ होत होत्या. त्या बायका आधीही तेच सांगत होत्या, पण "तुम्हाला वाटतं तसं" म्हणून त्यांना बसवलं जायचं, सरकारचाच आकडा भिंतीवर आल्यावर बसवता येईना. ठराव झाला, विहिरीपासून अमुक अंतरात नवी बोअर नाही.

त्या भागात काकांची पाच कामं ठरलेली होती. पाचही गेली. महिनाभर त्यांनी माझा फोन उचलला नाही आणि मला वाटलं संपलं, ज्या माणसानं धंदा वाचवला त्याच्याच पोटावर पाय दिला. मग एक दिवस आले, नेहमीसारखे न सांगता, बसले, डायरी काढली. "आकडे बरोबर होते ना?" म्हटलं हो. "मग कुठं मारू ते दाखवा."

आता न विचारलेले सल्ले. खात्याकडून आलेली मूळ फाइल कधीही बदलू नका, तारखेचं नाव देऊन बाजूला ठेवा, साफसफाई कॉपीवर करा. एकाच खात्याच्या एकाच फाइलवर चार पगार उभे करू नका, आम्ही केले होते. चूक सापडली की आधी खात्याला कळवा, मग गिऱ्हाईकाला, आणि पेपरवाल्यांना सगळ्यात शेवटी. फाइल भरणाऱ्या कारकुनाचं नाव माहीत असू द्या, साहेब बदलतात. आणि तुम्हाला कोणी एक्सक्लुसिव्ह हक्क देऊ केले तर घेऊ नका, मला एकदा दिले होते, दुसऱ्या एका खात्यानं, २०२० मध्ये. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नाही म्हणून कळवलं, आणि तेव्हा मैत्रिणीला फोन केला, बऱ्याच दिवसांनी.

काकांचं काम आता त्यांचा मुलगा बघतो, तो डायरीऐवजी ॲपमध्ये लिहितो, तरी पेन्सिलीची डायरी खिशात असतेच. आम्ही सध्या सहा जण आहोत. विहिरींच्या दुरुस्त्यांची यादी खुली आहे, कोणीही उचलावी, खात्यालाही चार वेळा पाठवली आहे. त्या दुसऱ्यांनी ती अजून घेतलेली नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा नकाशा उघडून बघितला, सातही विहिरी ऑफिसच्या गच्चीवरच आहेत.