मारुती 800 चा क्लच: जुनी प्लेट बाहेर, नवीन जोडणी पूर्ण

गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, चार गिअर आणि वायरवर (पेडलला जोडलेल्या केबलवर) चालणारा क्लच. गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती), प्रेशर प्लेट (ती दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब काढणारं) नवीन बसवून झालं. वायर जुळवली, आता रनिंग-इन (नवीन प्लेट बसेपर्यंत जपून चालवणं) सुरू आहे. ज्यांच्याकडे वायरवाली जुनी गाडी आहे त्यांनी प्लेचा (जोर लागण्याआधी पेडल सैल जातं त्या अंतराचा) भाग नीट वाचावा. निम्म्या प्लेट तिथेच जळतात.

तक्रार अशी होती: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनचा आवाज वाढायचा, वेग मात्र तेवढाच. पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर क्लच पकडायचा. पेडल हाताने दाबून पाहिलं तर मोकळा प्ले शून्य. बरोबर जुळवलेल्या वायरीत पेडल साधारण 2 सेंटीमीटर सैल खाली जातं आणि मग जोर लागतो.

अशा वेळी पाना हमखास उलट्या दिशेने फिरवला जातो. क्लच बिघडला म्हणजे वायर सैल झाली, असा समज असतो. प्रत्यक्षात प्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) झिजतं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या जड चाकाकडे) सरकते आणि तिच्यातल्या डायफ्राम स्प्रिंगच्या (चकतीसारख्या स्प्रिंगच्या) पाकळ्यांची आतली टोकं गिअरबॉक्सच्या बाजूला येतात. ती रिलीज बेअरिंगला टेकली की प्ले संपला. आता वायर आणखी आवळली तर बेअरिंग पाकळ्यांना कायम दाबून धरतं, स्प्रिंगचा प्लेटवरचा दाब कमी होतो आणि प्लेट घसरून तापते. वायर लांबली तर चित्र उलटं असतं: पेडल खूप खाली गेल्यावरच क्लच सुटतो, पूर्ण सुटतही नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर येते. म्हणून पेडलची पकडण्याची जागा वर सरकली असेल तर गिअरबॉक्सकडचा नट सैल करायचा, खाली गेली असेल तर आवळायचा. या गाडीची वायर आधीच्या दुरुस्तीत ताणून ठेवलेली होती. नट सैल करून प्ले परत आणला, तरी घसरणं थांबलं नाही. मग खोलण्याशिवाय मार्ग नव्हता.

खोलण्याआधी तीन चाचण्या कराव्याच. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, चौथ्या गिअरमध्ये रेस 2000 आरपीएमच्या आसपास ठेवून क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय, फिरत राहिलं तर घसरतोय. ही चाचणी एकदाच, कारण तेवढ्यातही प्लेट तापते. दुसरी: आयडलवर क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर लगेच कळतं. तिसरी आवाजाची: पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग; न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येते आणि दाबल्यावर जाते ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमध्ये बसणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची.

उतरवणं नेहमीसारखंच: बॅटरीची निगेटिव्ह तार, गिअर ऑइल, क्लच वायर, स्पीडोमीटर वायर, गिअर रॉड, स्टार्टर, ड्राइव्ह शाफ्ट. इंजिनला खालून आधार द्या. गिअरबॉक्स इंजिनपासून सरळ बाहेर ओढायचा. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबू दिलं तर प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो आणि नंतर क्लच सोडताना गाडी थरथरते.

जुनी प्लेट हातात घेतल्यावर कारण दिसलं. रिव्हेटच्या डोक्यांवर लायनिंग अर्धा मिलिमीटरही उरलं नव्हतं आणि एका कडेला पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता. तेलाचा डाग कुठेच नव्हता, म्हणजे क्रँकचं मागचं सील ठीक. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, पण चीर नव्हती, म्हणून फक्त पॉलिश पेपर मारला. चीर किंवा नखाला लागणारी चर असती तर टर्नरकडे (लेथवाल्याकडे) द्यावं लागलं असतं. इनपुट शाफ्टचं ऑइल सील सुस्थितीत असलं तरी बदललं. ते स्वस्त असतं आणि पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं महाग.

बसवताना प्लेटची स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ थर द्यायचा. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. रिलीज बेअरिंग पेट्रोलने धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टच्या मापाच्या दांड्याने) प्लेट मध्यावर आणून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर कव्हर वाकतं. वायरचं पेडलकडचं टोकही पाहून घ्या. तिथे एक-दोन तारा तुटलेल्या असतील तर ती वायर ठेवू नका.

वापराबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. माणसांसह 850 किलोची गाडी 8 टक्के चढावर हाफ क्लचने (पेडल अर्धं सोडून) धरून ठेवायची तर पहिल्या गिअरच्या साधारण 15 च्या एकूण गुणोत्तराने क्लचवर सुमारे 12 न्यूटन मीटर टॉर्क येतो. 1500 आरपीएमला याचा अर्थ जवळपास 1.9 किलोवॅट उष्णता, म्हणजे बाथरूमचा गीझर त्या पातळ प्लेटवर चालू ठेवल्यासारखं. खंबाटकी घाटात ट्रॅफिक अडकलं की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल टाका, पाय क्लचवरून काढा. निघताना पकड लागून बोनेट किंचित उचललं की मगच हँडब्रेक सोडा.

सध्या प्ले 2 सेंटीमीटर आहे, पेडल हलकं झालंय, रिव्हर्स आवाज न करता पडतो. पहिले 500 किलोमीटर रेस मारून गाडी उचलायची नाही. नवीन लायनिंग बसताना थोडं झिजतं, म्हणून त्यानंतर प्ले पुन्हा मोजून नट जुळवणं बाकी आहे. पेडलच्या बुशची करकरही त्याच वेळी पाहायची आहे.