दोन बोटं वायर

गाडी ट्रॅक्टरला साखळी बांधून आली. स्टेअरिंगवर काकांचा पुतण्या होता. डिसेंबरातल्या गारठ्यातही घामाघूम, कारण पॉवर स्टेअरिंग बंद आणि चाक फिरवायला दोन्ही खांदे लागत होते.

"भाऊ, परवा पोरीचं साक्षगंध हाय. पाव्हण्याइच्या दारात का ट्रॅक्टरनं ओढून नेऊ?" काका म्हणाले.

दारव्हा तालुक्यात गॅरेज चालवायचं म्हणजे लग्नसराईच्या आधी अशी घाई ठरलेलीच. पण या गाडीची बातमी माझ्याकडे आधीच आली होती. शहरातल्या एका वर्कशॉपचा माणूस घरी येऊन गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावून गेला होता. "ईसीएम जळला म्हनते. पंचेचाळीस हजार सांगतले," काका म्हणाले. बॅटरी तर त्यांनी स्वतःच नवी टाकून पाहिली होती.

चावी फिरवली. डॅशबोर्डवर दिवाळी. इंजिनचा, ब्रेकच्या एबीएसचा, स्टेअरिंगचा, सगळे दिवे लागलेले आणि चावीचं चिन्ह लुकलुकत होतं. स्टार्टर हू की चू करेना. माझा स्कॅनर एबीएसशी बोलला, एअरबॅगशी बोलला, पण इंजिनच्या कंट्रोल युनिटनं, म्हणजे ईसीएमनं, काही उत्तर दिलं नाही. म्हणजे त्या माणसाला दिसलं ते खरंच होतं. फक्त बोलत नाही म्हणून मेला, असं मला म्हणता येईना.

माझे उस्ताद टॅपेट कव्हरवर पेचकस टेकवून दांडा कानाला लावायचे आणि कोणता वॉल्व ढिला ते सांगायचे. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, २०२० च्या एप्रिलपासून धुरासाठीचे बीएस-६ नियम आले, आणि कान लावण्यासारखं फारसं काही उरलं नाही. गाडीतले हे सगळे कंट्रोल युनिटचे डबे एकमेकांत पिळलेल्या दोन वायरींवरून आपसात बोलतात. कॅन म्हणतात त्याला, बॉशनं १९८६ मध्ये आणलेली पद्धत. या गाडीत जोडीच्या एका टोकाला इंजिनचा डबा, दुसऱ्या टोकाला डॅशबोर्डचं मीटर. दोन्हीत १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही समांतर, म्हणून मधे कुठेही मोजलं तर ६० यायला पाहिजे.

बॅटरीची तार काढली आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मल्टीमीटर लावला. १२०.

मला हसू आलं. काकांना वाटलं, आता हा पन्नास हजार सांगतो.

एकच टोक दिसत होतं. इंजिनच्या डब्याचं कनेक्टर काढून डब्याच्याच दोन पिनांवर मोजलं, तिथेही १२०. म्हणजे त्याचा रेझिस्टर शाबूत. बॅटरी तेवढ्यापुरती जोडून पाहिली, कनेक्टरवर करंट आणि अर्थिंगही बरोबर होतं. दोन्ही टोकं जिवंत, मधलाच रस्ता तुटलेला. नवा डबा टाकला असता तरी गाडी तशीच उभी राहिली असती. चावीची ओळख पटवणारा निरोप इंजिनपर्यंत जातच नव्हता, मग सुरू होईल कशी?

शोधायला दीड तास गेला. बॅटरीचा ट्रे उचलला तर खाली पांढराशुभ्र कापूस, त्यात सरकीची फोलपटं. उंदरानं बाळंतपणाची सोय केली होती.

"काका, गाडी कुठं लावता?"

"कोठ्यात. कापसाच्या गंजीजवळ. काहून जी?"

हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, टेप कुरतडलेली, कॅनची एक वायर पूर्ण तुटलेली, दुसरीचं तांबं उघडं. खराब तुकडे कापून नव्या वायरी घातल्या, डाग दिला, वरून हीट श्रिंकची नळी चढवली. पीळ मात्र होता तसाच ठेवला, कारण बाहेरचा विजेचा गोंगाट त्यानंच कटतो. पुन्हा मोजलं. ६० आले. बॅटरी जोडली, पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू.

पंधराशे सांगितले.

"दोन बोटं वायर जोडाचे पंधराशे?" दहा मिनिटांपूर्वी पंचेचाळीस हजारांना घाबरलेला हाच माणूस. मला रागही येईना. डबा बदलून डब्याचे पैसे मागितले असते, तर हाती काहीतरी दिसलं असतं. मी मोजलं, विचार केला, त्याचं बिल कोणत्या रकान्यात लिहायचं? बाराशेवर तुटलं.

जाताना काकांनी कापलेले तुकडे मागितले. जुना माल ना, घरी न्यायलाच पाहिजे. पेपरात पुडी बांधून खिशात घातली. "पोरीच्या मायला दाखवतो," म्हणाले, "नाही त मले म्हनन, बाराशे कुठी घातले."