पाणी, उजेड आणि सूर: निपाणीहून कणकुंबीपर्यंत

निपाणी सोडून संकेश्वरमार्गे बेळगावकडे येताना डिकीत फक्त इलेक्ट्रॉनिक्सची पेटी होती. वाट्या, पाणी आणि अंधार वाटेत जमवायचा होता. वाद्य आठ वाट्यांचं. पाण्याला बोट लावलं की लॅपटॉपमधून सूर येतो आणि त्याच वाटीखालचा दिवा उजळतो. काडीनं मारलं तर वाटी जलतरंगासारखी आपणच बोलते. सूर भूपाचे धरले: सा रे ग प ध, वर सां रें गं. त्यामुळे पोरांनी दोन वाट्यांत एकदम हात घातला तरी कानाला टोचत नाही.

वाट्या बेळगावच्या खडेबाजारात घेतल्या. उजेड आरपार जायला हवा, म्हणून काचेच्या. दर वाटी बोटांच्या टोकांवर तोलून काठावर टिचकी मारून बघायची. "जेवायला पाहिजेत का वाजवायला ओ?" असं दुकानदार मामा विचारतात, पण वाजवू देतात. बद्द आवाज आला तर बारीक तडा असतो, ती वाटी परत. नियम एवढाच की पाणी घातलं की वाटीचा सूर उतरतो, चढत कधीच नाही. म्हणून रिकामी वाटी हव्या त्या सुरापेक्षा थोडी चढीच निवडायची.

वाट्या सुरात मिळवताना एक गोष्ट सगळ्यांना चकवते. कंप काठाशी जास्त असतो, तळाशी नसल्यातच जमा. त्यामुळे तळात अर्धी वाटी पाणी ओतलं तरी सूर जेमतेम हलतो आणि काठाजवळ चमचाभर पाण्यानं तो घसरतो. शेवटचं पाणी १० मिलीच्या सिरिंजनंच घालावं. नळाचं ताजं पाणी लगेच वापरू नये. काचेला चिकटलेले बुडबुडे नाद मारतात, तासभर पाणी ठेवून द्यावं. उन्हाळ्यात वाफ होऊन सूर हळूहळू चढतो, तेव्हा मैफलीच्या मध्ये सिरिंज हाताशी हवीच.

खानापूर मातीच्या कामासाठी जुनं नावाजलेलं. तिथल्या भाजलेल्या वाट्या मोहात पाडतात, पण चकाकीचा मुलामा नसलेली माती पाणी पिते. सूर सरकतो, नाद बसका होतो. कुंड्या मात्र घ्याव्यात. कुंडी पालथी घातली की तळाचं भोक वर येतं. खाली पांढरा एलईडी, भोकावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर वाटी. चुंबळीचं भोक कुंडीच्या भोकाएवढं तरी हवं. उजेड पाण्यातून वर जातो, बोट लागताच छतावर लाटा नाचतात. एलईडीला ५ व्होल्टवर १५० ओहमचा रोध पुरतो, साधारण १३ मिलिअँपिअर. पाण्याजवळ घरची २३० व्होल्टची लाईन आणायची नाही, यात सवलत नाही.

स्पर्श ओळखायला एमपीआर१२१ ही १२ वाहिन्यांची चिप. तिला ३.३ व्होल्टच द्यावेत. तार पाण्यात सोडू नये, ती गंजते. वाटीच्या बाहेरून, तळाच्या कडेनं तांब्याच्या चिकटपट्टीचं कडं गुंडाळायचं, मधून उजेडाला वाट राहते. तारा हातभराच्या आत ठेवाव्यात आणि एलईडीच्या तारांपासून चार बोटं लांब, नाहीतर दिवा लागला की शेजारची वाटी आपोआप वाजते. चालू करताना कुणाचा हात पाण्यात नको, कारण चिप त्याच क्षणी शून्य ठरवते. टेबल ओलं झालं तर दोन वाट्या जोडल्या जाऊन दोन सूर उठतात, म्हणून कुंड्यांखाली रबराची चकती ठेवावी. स्पर्श लॅपटॉपला मिडीनं, म्हणजे वाद्यांच्या डिजिटल भाषेत, कळवायला आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा सर्किट बोर्ड घ्यावा. तो यूएसबीवर थेट मिडी वाद्य म्हणून दिसतो, उनो आर३ तसा थेट दिसत नाही.

वीज गेली तरी अडत नाही, बोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालतात. उलट अर्थिंग नसलेल्या चार्जरवर स्पर्श थरथरतो, तेव्हा तो काढलेलाच बरा. बोर्डाला पॉवरबँक लावली तर ती फार कमी विजेवर स्वतःच बंद पडते. कमी विजेवरही चालू राहणारी बघून घ्यावी.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात पाइप आणि जोडण्या हव्या तशा मिळतात. संशोधक स्टीव्ह मान यांच्या हायड्रोलोफोनसारखं, कारंज्याचं भोक बोटानं दाबून वाजवायचं वाद्य करायचा मोह तिथेच होतो. पण पंपाची घरघर सुरांत मिसळते, म्हणून पंप लांब आणि मध्ये लवचीक नळी हवी.

पुढे कणकुंबी, मलप्रभेचं उगमस्थान. पावसाळ्यात इथलं धुकं म्हणजे फुकटचं धूरयंत्र, लेझर-वीणेच्या (किरण हातानं अडवून वाजवायच्या वाद्याच्या) तारा, म्हणजे किरण, त्यात उघड्या डोळ्यांना दिसतात. दिवसा मात्र नाही, तेव्हा धुकंच उजळतं. मीटरभर उंच चौकटीवरून ५ मिलिवॅटच्या आतले लेझर खाली सोडायचे, प्रत्येकाखाली एलडीआर (उजेडानं ज्याचा रोध बदलतो तो सुटा भाग) आणि १० किलोओहमचा रोध. पोरांना खालून वर बघू द्यायचं नाही. एलडीआरभोवती चार सेंटिमीटरची काळी नळी लावली की आजूबाजूचा उजेड त्रास देत नाही. एलडीआर संथ असतो, त्याला दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. जलद तानेत सूर चिकटायला लागले तर फोटोट्रान्झिस्टर हा जलद प्रकाशसंवेदक बसवावा.

इथं आम्ही धुक्यानं किरण कमी होईल म्हणून कोडमधला उंबरठा, म्हणजे किती उजेड कमी झाला की सूर लागतो ती मर्यादा, खाली आणायला निघालो होतो. मीटरभरात धुकं किरण फारसं खात नाही. खरा घोटाळा लेझरच्या भिंगावर आणि एलडीआरवर जमणाऱ्या थेंबांचा, त्यानं किरण विखुरतो आणि कुणी हात न लावता सूर अडकून राहतो. सुती फडक्यानं दर दहा मिनिटांनी पुसणं हाच उपाय, कोडमध्ये काही करता येत नाही. दमट हवेत वाट्यांचं पाणी मात्र कमी उडतं, मिळवलेला सूर संध्याकाळभर टिकतो.

वाट्या भरताना पाण्याची पातळी काचेवर मार्करनं आखून ठेवावी. पुढच्या गावी त्या खुणेच्या किंचित खालीच थांबावं आणि उरलेलं कानानं सिरिंजनं घालावं. काढायला बसलं तर चुंबळ भिजते.