आमची वाटचाल: उद्यमनगरातून जवानांच्या वॉर्डात

आमच्या शेडवरची पाटी ‘हॉस्पिटल फर्निचर’ची. खाटा, सलाईन स्टँड, लॉकर यांवर घर चाललं, ती वर्षं अशीच गेली. आर्किटेक्ट भागीदार आला आणि काम बदललं. संशोधक रॉजर उलरिच यांचा 1984 चा लेख त्यानं वेल्डिंगच्या टेबलावर ठेवला. पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, दुखणं थांबवायची जोरदार औषधंही कमी लागली. म्हटलं, खिडक्या आपण करत नाही. तो म्हणाला, खाटेचं तोंड कुठं करायचं ते तरी सांगूया.

दुसरे गुरू कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळी गावचे एक सुभेदारसाहेब. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पाय बसवून आलेले. घरच्या बाथरूमला रेलिंग करून घेतलं आणि तेव्हापासून शेडवर येऊन डोळे मिटून प्रत्येक पाईपवरून तळवा फिरवतात. जॉइंट लागला की, “परत बफ मारा.” दाराकडं पाठ असली की झोप येत नाही, दार आपटलं की अंगावर येतं, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून आमच्या दारांना हळू मिटवणारे डँपर. “मंडळींनी रात्री स्टुलावर काढल्या,” म्हणाले, म्हणून नातेवाइकाचा सोफा-बेड. तो पेशंटच्या खाटेच्याच उंचीचा, मान वर न करता चेहरा दिसला पाहिजे.

मग एका मोठ्या हॉस्पिटलचा माजी सैनिकांच्या मजल्याचं काम समोर आलं. आम्ही स्वतःच्या खर्चानं नमुना खोली उभी केली, व्हीलचेअर वळायला 1500 मिलिमीटर मोकळे सोडून. सगळे खूश. महिन्याभरात ऑर्डर बाहेरच्या एका कंपनीला, आमच्याच ड्रॉइंगवर, शिक्का त्यांचा! पाईप उधारीवर उचललेला, बँकेचं कॅश क्रेडिट टोकाला गेलेलं, पोरांचे पगार थकलेले. टीआयजी वेल्डिंगचं मशीन विकायला काढलं होतं. सुभेदारसाहेबांनी गावातल्या माजी सैनिकांच्या घरची बाथरूमं मिळवून दिली, पैसे आगाऊ. त्यावर शेड वाचलं.

नव्या पोरांनो, ड्रॉइंगचे पैसे वेगळे घ्या आणि ते हातात पडल्याशिवाय पीडीएफ पाठवू नका. नमुना खोलीची किल्ली आपल्याच खिशात ठेवा.

त्या मजल्याचे फोटो अजून त्यांच्याच नावानं फिरतात. रेलिंग 304 चं, म्हणजे चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं म्हणून सांगतात. चुंबक लावून काही कळणार नाही, 202 या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. स्टीलची प्रत ओळखायच्या टेस्टिंगच्या औषधाचा एक थेंब टाकून बघा.